दोर तुमचा, साज माझा

सुदर्शनला चार लोकांच्या कामात पडायची भारी हौस. कुणाचं वीजमीटर जळो, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असो, हा शटर अर्धं ओढून निघालाच. बायको श्रेया म्हणायची, "लष्कराच्या भाकरी भाजून झाल्या की घरच्याही दोन भाजत जा." तो नुसता हसायचा. असा माणूस समितीला आयता मिळत असतो. रस्ता रुंद होणार आणि दुकानांची पुढची अख्खी ओळ पाडली जाणार हे नक्की झालं, तेव्हा दुकानदारांनी समिती काढली, सर्जेरावांना अध्यक्ष केलं आणि सगळी धावपळ सुदर्शनच्या गळ्यात घातली. त्यानंही ती हारासारखी घालून घेतली.

क्रांती चौकाकडून जुन्या शहरात शिरणारा हा रस्ता. त्याच्या कडेला दुकानांची एक ओळ होती आणि त्या ओळीमागच्या बोळात आणखी पाच-सहा दुकानं. सुदर्शनचं दोर-ताडपत्रीचं दुकान त्या बोळात होतं. रस्त्यावरून ते दिसायचंच नाही. त्याच्या अगदी पुढ्यात, रस्त्याला तोंड करून, त्रिंबकमामांचं बैलांच्या साजाचं दुकान. गोंडे, घुंगुरमाळा, झुली, शिंगांना लावायच्या पितळी शेंब्या, कपाळावर बांधायच्या मठाठ्या, सगळं तिथं मिळायचं. मठाठ्या आणि गोंडे मामांची बायको म्हाळसाबाई घरी लोकरीचे वळायची. माहेर-सासर दोन्हीकडं मेंढरं. लोकर तिच्या बोटांना लहानपणापासून ओळखत होती.

मामांच्या दुकानात सगळं मिळायचं, फक्त दोर मिळायचा नाही. साजाच्या दुकानात कासरा नाही, वेसण नाही, म्होरकी नाही म्हणजे किराणा दुकानात मीठ नसल्यासारखंच झालं. नवं गिऱ्हाईक चक्रावून जायचं. जुन्याला कारण ठाऊक होतं. सुदर्शनचे वडील तात्यासाहेब वैजापूरकडची वाटणीची जमीन भावांच्या हवाली करून शहरात आले आणि परवडली ती बोळातली जागा घेऊन दोराचं दुकान टाकून बसले. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा मामाही दोर ठेवायचे. एके सकाळी त्यांनी आपल्याकडची दोराची सगळी वेटोळी उचलली आणि तात्यांच्या ओट्यावर आणून टाकली. "आजपासून दोर तुमचा, साज माझा," म्हणाले. लिहिणं नाही, साक्षीदार नाही. एक-एक कप चहा झाला आणि ठरलं. तात्या गेले, सुदर्शन गादीवर बसला, तरी मामांनी दोराचा तुकडा कधी दुकानात टांगला नाही. कासरा मागणारं गिऱ्हाईक ते बोळात पाठवत राहिले. सुदर्शनचं शिक्षण, लग्न, ताडपत्रीचा वाढीव धंदा, सगळं त्या पाठवलेल्या गिऱ्हाइकावर झालं, हे तो स्वतःच चार लोकांत सांगायचा.

मग पुढची ओळ गेली. जेसीबीला एक दुकान पाडायला फार वेळ लागत नाही. ते उभं करायला किती लागला होता, हे यंत्राला कोण सांगणार? सुदर्शननं मात्र आपलं काम चोख केलं, यात शंका नाही. कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून पाय दुखवून घेतले, आणि मंडईमागच्या पटांगणात विस्थापितांना पत्र्याचे गाळे मिळवून दिले. मामांचा माल हलवायला टेम्पो त्यानंच आणला. लोकरीची गाठोडी स्वतःच्या डोक्यावर वाहिली. त्या दिवशी म्हाळसाबाई म्हणाली, "पोटच्या पोरानं बी एवढं केलं नसतं रं." सुदर्शनचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं त्यात काही.

आणि या सगळ्यात एक गोष्ट आपोआप घडून गेली. पुढची ओळ पडल्यामुळे बोळातली दुकानं रस्त्यावर आली. सुदर्शननं एक वीट हलवली नव्हती, पण त्याचं दुकान आता हमरस्त्यावर, दोन्हीकडून दिसेल असं उभं होतं. लोक थट्टेनं म्हणायचे, "सुदर्शन, तुझी तर लॉटरी लागली की!" त्याला ते लागायचं. म्हणून त्यानं पेंटरकडून एक पाटी करून घेतली आणि आपल्याच भिंतीवर ठोकली: 'त्रिंबक साज भांडार, आता मंडईमागे', खाली लाल बाण. पाटी ठोकताना फोटो निघाला. मामांचे दोन्ही हात हातात घेऊन तो म्हणाला होता, "मामा, तुमचं एक गिऱ्हाईक चुकणार नाही. मी बसलोय ना इथं."

श्रावण लागला. वैजापूर, कन्नड, देवगाव रंगारीकडचे शेतकरी पोळ्याच्या खरेदीला यायला लागले. ही मंडळी वर्षातून एकदा येणारी. त्यांना दुकानाचं नाव पाठ नसतं, जागा पाठ असते. त्याच जागेवर येऊन उभे राहायचे, मोकळा रस्ता बघायचे आणि समोर दिसेल त्याला विचारायचे, "हितं त्रिंबक व्हता, त्यो कुठं गेला?" समोर दिसायचा सुदर्शन. पहिले काही दिवस तो ओट्यावरून उतरून कोपऱ्यापर्यंत सोबत जायचा आणि मंडई दाखवायचा. मग ओट्यावरूनच हात करायला लागला. मग नुसतं म्हणायला लागला, "पाटी बघा ना."

एकदा एक शेतकरी घाईत होता, गाडी सुटायची वेळ झालेली. कासरा घेतला आणि म्हणाला, "मालक, दोन मठाठ्या बी असत्या तर काम झालं असतं. आता कुठं हिंडू?" तो तसाच गेला. सुदर्शनला हळहळ वाटली. गिऱ्हाईक मोकळ्या हातानं जायला नको, एवढंच त्याच्या मनात आलं. निदान तो स्वतःला तसं सांगत राहिला. त्यानं ठोक व्यापाऱ्याकडून थोड्या मठाठ्या आणल्या, मशीनवर केलेल्या, चकचकीत. त्या दोन दिवसांत संपल्या. मग गोंडे आणले, मग माळा. माल टांगायला जागा हवी, आणि रस्त्यावरून दिसेल असा खिळा एकच होता, पाटीच्या वरचा. त्यानं मठाठ्यांचा झुपका तिथं अडकवला. पाटी झाकली गेली. त्याला ते दिसलं नाही असं नाही. उद्या दुसरा खिळा ठोकू, असं त्यानं ठरवलं, आणि तो उद्या काही उगवला नाही.

श्रेयानं डबा द्यायला आल्यावर वर बघितलं. "हे काय? साज तर त्रिंबकमामांचा ना?"

"ते तात्यांचं आणि त्यांचं ठरलं होतं. माझं कुठं काय ठरलंय?" सुदर्शन फटकन बोलून गेला. मग जरा नरमला. "आपण नाही ठेवला तर पलीकडचा ठेवील. आणि मामांचं गिऱ्हाईक मंडईत जातंच आहे की."

जातं का नाही, हे बघायला तो मंडईमागे गेला असता तर कळलं असतं. पण तो जायचा बंद झाला होता. आधी एक दिवसाआड चक्कर असायची. आता मंडईतून भाजी आणायची असली तरी लांबच्या फाटकानं जायचा. खाई त्याला खवखवे.

पोळा दोन-तीन दिवसांवर आला होता. दुपारची वेळ, पावसाची भुरभुर, ओट्यासमोर चिखल. देवगाव रंगारीचे कडुबाआबा काठी टेकत आले. त्यांच्या पिशवीतून लोकरीचे लाल गोंडे बाहेर डोकावत होते. सुदर्शननं ते बघितल्याबरोबर ओळखले. तसा घट्ट पीळ म्हाळसाबाईशिवाय कुणाचा नव्हता.

"कासरा दे बाबा, दोन," आबा ओट्यावर टेकत म्हणाले. "लई तंगडतोड झाली. त्रिंबकला हुडकता हुडकता निम्मी मंडई पालथी घातली. म्हनलं, साज घेतला, आता कासरा बी दे. तर म्हनला, आमच्यात दोर ठेवत नायत, दोर सुदर्शनचा. परत एवढं चालत पाठीवलं बघ मला."

सुदर्शनचा हात दोरावर थांबला.

"पाटी हाय म्हनला माझ्या नावाची त्याच्या भिंतीला, त्यावरून दुकान वळखशील. मला काय कुठं पाटी दिसंना." आबांनी मान वर केली. काठीच्या टोकानं मठाठ्यांचा झुपका बाजूला सारला. मागची पाटी एकेक अक्षर लावत वाचली. मग काठी काढून घेतली. झुपका परत जागेवर आला.

"ह्यो माल तुजाच व्हय?"

"हो. म्हणजे… गिऱ्हाईक मोकळ्या हातानं जायला नको, म्हणून थोडासा."

"बरं," आबा म्हणाले.

त्यांनी कासऱ्याचा भाव विचारला नाही, घासाघीस केली नाही, दोर ताणून बघितला नाही. सांगितली ती रक्कम ओट्यावर ठेवली आणि उठले. पोळ्याच्या खरेदीला आलेला म्हातारा शेतकरी घासाघीस करत नाही, म्हणजे तो तुमच्याशी बोलायलाही राजी नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुदर्शनला वाटलं. त्याला लाज वाटली, आणि ती आजची नव्हती. इतके दिवस ती दुकानातच कुठं तरी दबा धरून बसलेली होती, आता पुढं आली.

मामांचं दुकान पडलं होतं, जागा गेली होती, गिऱ्हाईक आटलं होतं, आणि तरी हातात आलेलं गिऱ्हाईक ते चिखलातून एवढ्या लांब पाठवत होते. कुणासाठी? तर त्यांच्या तोंडचा घास पळवणाऱ्यासाठी.

ओट्यासमोर दोन गिऱ्हाइकं उभी असताना त्यानं खिळ्यावरचा झुपका उतरवला. गोंडे, माळा, सगळं पोत्यात भरलं. "अहो, मला ती माळ पाहिजे होती," एक जण म्हणाला. "विकायची नाही," म्हणत सुदर्शननं शटर ओढलं आणि पोतं घेऊन मंडईमागे निघाला.

पटांगणात गाळ्यांची रांग होती, माणसांची नव्हती. पत्र्यावर पावसाची टिपटिप चालली होती. मामांच्या गाळ्यात वर्षभर वळलेला माल छतापर्यंत जसाच्या तसा टांगलेला. पोळ्याच्या तोंडावर जुन्या दुकानात उभं राहायला जागा नसायची. मामा स्टुलावर बसले होते आणि म्हाळसाबाई गोंड्याचा धागा कातरत होती. सुदर्शनला बघून तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"ये," मामा म्हणाले. "कडुबा आला व्हता का? कासरा दिलास ना नीट?"

"मामा, मी साज ठेवला होता दुकानात." त्यानं पोतं खाली ठेवलं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. "तुमची पाटी झाकली मी. तुमचं गिऱ्हाईक ठेवून घेतलं. चुकलं माझं."

"साज ठिवला त्ये ठाऊक हाय."

"तुम्हाला कुणी…"

"गिऱ्हाईकच सांगतंय की. आठेक दिस झाले असतील."

"ठाऊक होतं तर आबांना माझ्याकडं कशाला पाठवलंत? इथंच दोर ठेवायचा होता. कोण काय म्हणणार होतं?"

मामांनी त्याच्याकडं बघितलं. प्रश्न त्यांना खरोखर कळला नसावा. "दोर तुजा हाय म्हनून," ते म्हणाले.

म्हाळसाबाईची कात्री थांबली. "पत्रे मिळवून दिले, पाटी केली, फोटू काढले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "अन् गिऱ्हाईक तेवढं ठेवून घेतलं. पोरा, म्यां तुला पोटच्या पोरावानी म्हनले व्हते. कुंपनानंच शेत खाल्लं." तिनं पोत्याला पायानं बाहेर सरकवलं. "अन् ह्यो मशीनचा कचरा आमच्या दारात ठिवू नको."

सुदर्शननं पोतं उचलून आडोशाला ठेवलं. मग म्हणाला, "उद्यापासून माझ्या ओट्यावर बसा, मामा. सगळा माल घेऊन. पोळ्यापर्यंत दुकान तुमचं. मी आत बसतो दोर घेऊन."

मामा उठून एकेक गोंडा उतरवायला लागले. "पोळा झाल्यावर ह्येला कोन इचारतंय? येतो," ते म्हणाले. "पोटाला मानपान नसतो."

"मी नाय येनार," म्हाळसाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मामा सुदर्शनच्या ओट्यावर बसले आणि रस्त्याला जशी जाग आली. "आरं, त्रिंबक! हितंच हाईस की!" म्हणत माणसं वळायला लागली. ज्यांनी वाट चुकून दुसरीकडं खरेदी केली होती तेही हळहळले, उगाच एखादी माळ घेऊन गेले. मामा हसत होते, गाव विचारत होते, बैलांची नावं विचारत होते. सुदर्शन आत दोर मोजून देत होता. आणि प्रत्येक जण जाताना त्याच्याकडं बघून काहीतरी चांगलं बोलून जात होता. "मोठ्या मनाचा मानूस." "आजकाल सख्खा भाऊ जागा देत नाय." "तात्यासाहेबांचं नाव राखलं." त्याला वाटायचं, दोराच्या ढिगात तोंड खुपसावं. नाही म्हणायला जावं तर लोकांना तो विनय वाटायचा, आणखी कौतुक व्हायचं.

त्याच्या पुढच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदामळणीच्या दुपारी, सर्जेराव समितीची दोन माणसं आणि एक शाल घेऊन आले. "मदत मदत म्हणून सगळे ओरडतात," ते भर ओट्यावर, गिऱ्हाइकांत उभं राहून मोठ्यानं बोलायला लागले, "पण स्वतःच्या दुकानात विस्थापिताला बसवणारा हा एकच! त्रिंबकराव, तुमच्या हातानं घाला ही शाल."

सुदर्शन पुढं आला. "सर्जेराव, शाल नको. खरं सांगतो, मीच यांचं…"

"सुदर्शन," मामा मध्येच म्हणाले, "त्या पाव्हन्याला कासरा पायजे, त्येला मोकळं कर आधी." मग शाल उलगडत त्याच्या अगदी जवळ आले आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं पुटपुटले, "गप ऱ्हा. गिऱ्हाइकापुढं दुकानाची अब्रू काढू नये. तात्याचं दुकान हाय ह्ये."

शाल खांद्यावर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत मामा हसले आणि सुदर्शनलाही हसावं लागलं.

दिवस कलायला लागला तशी गर्दी पांगली. खेड्यातल्या माणसांना खांदामळणीला घर गाठायचं होतं. मामांनी उरलेला माल आवरला. फारसा उरलाच नव्हता, एकच गाठोडं झालं. सुदर्शननं शाल कधीच काढून ठेवली होती. तो म्हणाला, "मामा, पोळा झाला तरी इथंच बसा. कायमचे. मी लिहून देतो पाहिजे तर."

"नको," मामा म्हणाले.

"का?"

मामांनी गाठ मारली, ओढून बघितली. "मानूस वाईट नाय तू. पन तुज्यावर भरवसा नाय राहिला आता." रागानं नाही, पाऊस थांबलाय असं सांगावं तसं ते म्हणाले.

सुदर्शननं गाठोड्याला हात घातला. "निदान हे तरी आणून देतो."

"असू दे." मामांनी त्याचा हात बाजूला केला, गाठोडं स्वतःच डोक्यावर घेतलं आणि मंडईच्या दिशेनं चालायला लागले.

तो ओट्यावर तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं मिटमिट्याकडचा एक शेतकरी धापा टाकत आला. त्याच्या एका बैलाचा गोंडा राहून गेला होता. "मालक, हितं साज मिळतो म्हनले."

"इथं नाही. मंडईमागे," सुदर्शन म्हणाला. पाटी आता उघडी होती, तरी त्यानं ती दाखवली नाही. तो ओट्यावरून उतरला आणि त्या माणसाला घेऊन चिखलातून चालत निघाला. मंडई ओलांडून पटांगणाच्या तोंडाशी आल्यावर रांगेतला एकच गाळा उजळलेला दिसला. मामा आत पाठमोरे माल टांगत होते आणि बल्बखाली म्हाळसाबाई गाठोड्यातला माल मांडून बसली होती, वाटेकडं बघत.

"तो बघा, दिवा दिसतोय ना? तिथं," सुदर्शन म्हणाला.

"चला की, तुमी बी."

"नाही, तुम्ही जा," तो म्हणाला. तो माणूस उजेडात पोचेपर्यंत तो भिंतीच्या आडोशाला उभा राहिला, आणि म्हाळसाबाईनं कोण आणून सोडलं हे विचारायच्या आत मागं फिरला.